झाकली मूठ, उघडी वही

‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे’ हा सुविचार ज्या शाळेच्या फळ्यावर एकदाही लिहिला गेला नाही अशी शाळा सापडणे कठीण. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र प्रयोग सुरू होण्याआधीच एखादा विद्यार्थी हळूच विचारतो, ‘‘सर, उत्तर किती यायला हवं?’’ उत्तर कळले की निरीक्षणांचा तक्ता उलट्या दिशेने भरला जातो. न जुळणारा आकडा खोडरबराखाली नाहीसा होतो आणि जर्नल सुबक दिसू लागते. विद्यार्थी आळशी किंवा अप्रामाणिक असतात म्हणून असे घडते असे आम्हांला वाटत नाही. चुकीचा आकडा दिसला तर गुण जातील, चारचौघांत हसे होईल, ही भीती त्यामागे असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे मुले फार लवकर आत्मसात करतात.

ही भीती सुविचाराने जात नाही. मग ती कशाने कमी होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विज्ञानाच्या इतिहासातील दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक आहे जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस (१७७७–१८५५) याची आणि दुसरी इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) याची. दोघेही कष्टकऱ्यांच्या घरात जन्मले आणि दोघेही आपापल्या क्षेत्रात सर्वोच्च स्थानी पोहोचले. अर्धवट राहिलेल्या किंवा न जमलेल्या कामाचे काय करायचे, याबाबत मात्र दोघांची रीत अगदी वेगळी होती.

परांची काढून टाकणारा गणिती

गाउसचे वडील गवंडीकाम, बागकाम अशी मिळतील ती कामे करीत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ३० मार्च १७९६ रोजी, गाउसने एका छोट्या वहीत पहिली नोंद केली. फक्त कंपास आणि पट्टी वापरून सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते, हा शोध त्याला लागला होता. पुढे १८१४ पर्यंत त्या वहीत १४६ नोंदी झाल्या. बहुतेक नोंदी एकदोन ओळींच्या आहेत, काही इतक्या त्रोटक की आजही त्यांचा अर्थ लावावा लागतो. ही वही गाउसच्या हयातीत जगापुढे आली नाही. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी ती कुटुंबीयांकडे सापडली आणि १९०१ मध्ये फेलिक्स क्लाइन या गणितीने ती प्रसिद्ध केली. तेव्हा लोकांना कळले की एकोणिसाव्या शतकात इतरांनी मोठ्या कष्टाने लावलेले कितीतरी शोध या वहीत आधीच नोंदलेले होते.

गाउसच्या मुद्रेवर मोजकीच फळे लागलेले एक झाड आणि ‘थोडे, पण पिकलेले’ या अर्थाचे लॅटिन शब्द होते. इमारत बांधून झाली की तिच्याभोवती परांची दिसता कामा नये, असे तो म्हणत असे, अशी आठवण त्याच्या एका मित्राने नोंदवली आहे. सिद्धता पूर्ण, निर्दोष आणि देखणी होईपर्यंत तो काहीही छापायला देत नसे. छापताना आपण त्या सिद्धतेपर्यंत कसे पोहोचलो, कुठे अडलो, याचा मागमूसही ठेवत नसे. कोल्हा जसा शेपटीने वाळूतील आपल्या पायखुणा पुसतो तसा हा गृहस्थ आहे, असा शेरा नॉर्वेचा तरुण गणिती नील्स आबेल याच्या नावावर सांगितला जातो.

या रीतीचा फायदा होता, हे आधी मान्य केले पाहिजे. गाउसने जे छापले ते टिकले. पण त्याची किंमतही होती आणि ती बऱ्याचदा दुसऱ्यांनी मोजली.

लंबवर्तुळीय फलनांवरचे बरेचसे काम गाउसने १८०० च्या आसपास करून ठेवले होते. आबेलने ते स्वतंत्रपणे शोधून १८२७ मध्ये छापायला सुरुवात केली. त्यावर, आबेलने आपले एक तृतीयांश काम वाचवले, असे गाउसने मित्राला कळवले. दुसरे उदाहरण आजच्या काळाला अधिक जवळचे आहे. लघुग्रहांच्या कक्षा काढताना १८०५ च्या सुमारास गाउसने गणनेची एक जलद पद्धत शोधली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये समग्र ग्रंथात छापली गेली, तीही फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तीच पद्धत संगणकासाठी नव्याने मांडली. ‘फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म’ या नावाने ती आज ध्वनी आणि चित्रे यांच्या संगणकीय प्रक्रियेत ठिकठिकाणी वापरली जाते.

एका तरुणाचे काय झाले

सर्वांत जड किंमत मोजली ती यानोश बोयाई या हंगेरियन तरुणाने. युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक सोडून दिले तरी सुसंगत भूमिती उभी राहते, हे त्याने विशीत असतानाच ओळखले होते. दोन हजार वर्षे जे गृहीतक सिद्ध करण्यात गणिती आपली बुद्धी झिजवत होते, त्याच्या पलीकडे हा लष्करातील तरुण अभियंता गेला होता. त्याचे वडील फार्काश हे गाउसचे विद्यार्थीदशेतील मित्र. त्यांनी आपल्या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून मुलाचा हा छोटासा निबंध छापला आणि गाउसकडे पाठवला. मार्च १८३२ मध्ये गाउसचे उत्तर आले. या निबंधाची स्तुती करणे म्हणजे स्वतःचीच स्तुती करण्यासारखे होईल, कारण यातील जवळजवळ सर्व गोष्टी आपल्या मनात गेली तीस-पस्तीस वर्षे आहेत, अशा आशयाचे ते होते.

गाउस खोटे बोलत नव्हता. तीन वर्षांपूर्वी, १८२९ मध्ये, बेसेल या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने या विषयावरचे आपले विचार आपल्या हयातीत बहुधा छापणार नाही असे म्हटले होते. त्याने कारणही दिले होते. ज्यांना हे समजणार नाही ते गलका करतील याची त्याला भीती वाटत होती. ‘गणितज्ञांचा राजा’ म्हणून युरोप ज्याला ओळखत होता, त्याला लोक काय म्हणतील ही धास्ती वाटावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परिपूर्णतेचा आग्रह आणि अपयशाची भीती या दोन गोष्टी किती सहज एकमेकींचा हात धरून चालतात, ते यावरून दिसते. आपल्या वर्गातील पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी अवघड प्रश्नाला हात वर का करत नाही, याचेही कारण बहुधा येथेच आहे.

यानोशला त्या पत्राने मोठा धक्का बसला. त्यानंतर त्याने गणितावर काहीही प्रसिद्ध केले नाही. तो १८६० मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे हस्तलिखितांची हजारो पाने राहिली. त्याच सुमारास रशियात कझान येथे लोबाचेव्हस्की याने हीच भूमिती १८२९ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याचीही बरीच उपेक्षा झाली. गाउसने आपले अपुरे विचार, अपुरे म्हणूनच का होईना, वेळेवर छापले असते, तर या दोघांना निदान एका भारदस्त नावाचा आधार मिळाला असता.

सगळे लिहून ठेवणारा प्रयोगकर्ता

आता दुसरी वही पाहू. फॅरडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत विज्ञान शिकला. १८१३ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाचा साहाय्यक म्हणून त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत नोकरी मिळाली. तेथेच त्याने जवळजवळ अर्धे शतक काम केले. गणित त्याला फारसे येत नव्हते आणि स्मरणशक्ती दगा देते अशी त्याची नेहमीची तक्रार असे. त्यामुळे केलेला प्रत्येक प्रयोग तो लिहून ठेवी. १८३२ पासून त्याने परिच्छेदांना ओळीने क्रमांक द्यायला सुरुवात केली, म्हणजे जुनी नोंद हवी तेव्हा सापडावी. हे क्रमांक पुढे सोळा हजारांच्या वर गेले. १९३२ ते १९३६ या काळात ही दैनंदिनी सात खंडांत छापली गेली.

या नोंदींमध्ये जमलेले आणि न जमलेले प्रयोग एकाच हस्ताक्षरात, एकाच सुरात लिहिलेले आहेत. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण दहावीच्या पुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे. विद्युतप्रवाहामुळे चुंबकत्व निर्माण होते हे १८२० मध्ये एर्स्टेडने दाखवले होते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? १८२५ मध्ये फॅरडेने दोन लांब तारा, मध्ये फक्त कागद ठेवून, समांतर बांधल्या. एकीतून प्रवाह सोडला आणि दुसरीत प्रवाह येतो का ते पाहिले. काहीच दिसले नाही. ते त्याने लिहून ठेवले. नंतरच्या वर्षांत पुन्हा प्रयत्न केले, तेही फसले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना दोन वेटोळी गुंडाळून त्याने बॅटरी जोडली, तेव्हा दुसऱ्या बाजूची चुंबकसूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी तोडताना ती पुन्हा हलली. प्रवाह स्थिर असताना मात्र ती हलत नव्हती. आधीच्या प्रयत्नांत त्याची अपेक्षा स्थिर परिणामाची होती. निसर्ग परिणाम देत होता तो बदलाच्या क्षणापुरता.

दुसरे उदाहरण काचेचे. १८२५ च्या सुमारास दुर्बिणींसाठी उत्तम काच तयार करण्याचे काम रॉयल सोसायटीने त्याच्यावर सोपवले. १८२७ मध्ये त्यासाठी भट्टी बांधली गेली. कित्येक वर्षे खर्च झाली, पण दुर्बिणीच्या कारखानदारांना उपयोगी पडेल अशी काच काही निघाली नाही आणि १८३१ मध्ये फॅरडेने ते काम सोडले. शिसे मिसळलेल्या त्या जड काचेचे तुकडे मात्र त्याच्याजवळ राहिले. १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का हे तो तपासत होता. हवा, साधी काच, स्फटिक असे एकेक माध्यम त्याने चुंबकाजवळ ठेवून पाहिले. परिणाम शून्य. १३ सप्टेंबर १८४५ रोजी त्याने त्या जुन्या जड काचेचा तुकडा ठेवला आणि त्यातून जाणाऱ्या ध्रुवीभूत प्रकाशाचे प्रतल फिरले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध प्रथमच दिसला. ‘फॅरडे परिणाम’ म्हणून आपण तो आजही शिकवतो.

तिसरे उदाहरण गुरुत्वाकर्षणाचे, आणि ते कधीच जमले नाही. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा काही संबंध असला पाहिजे, अशी फॅरडेची खात्री होती. त्याने वस्तू वेटोळ्यांतून खाली सोडून प्रवाह निर्माण होतो का ते पाहिले. उत्तर नकारार्थी आले. ते त्याने लपवले नाही. रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानासाठी त्याने १८५० मध्ये हाच न जमलेला प्रयोग निवडला. पुढे १८५९ मध्ये अधिक मोठ्या वजनांनी तो पुन्हा केला, पुन्हा तोच निकाल. या वेळी नुसता नकारार्थी निकाल छापू नये असा सल्ला जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने दिला आणि फॅरडेने निबंध मागे घेतला. न जमलेल्या गोष्टीविषयीचा संकोच फक्त व्यक्तीच्या मनात नसतो. तो संस्थांच्या रीतिरिवाजांतही असतो, हे या प्रसंगातून दिसते. नोंदी मात्र दैनंदिनीत राहिल्या.

चौतीस वर्षांनी उघडलेली नोंद

१२ मार्च १८६२ रोजी, सत्तर वर्षांच्या फॅरडेने आपला शेवटचा महत्त्वाचा प्रयोग केला. सोडियम, लिथियम यांसारख्या मूलद्रव्यांचे क्षार ज्योतीत टाकले की वर्णपटात ठरावीक रंगांच्या रेषा दिसतात. ही ज्योत मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली तर त्या रेषांत काही बदल होतो का, असा त्याचा प्रश्न होता. वर्णपटदर्शकातून त्याने पाहिले. चुंबक चालू केला, बंद केला. काहीही फरक नव्हता. तेवढेच त्याने लिहून ठेवले. पाच वर्षांनी तो वारला.

ही नोंद जेम्स क्लार्क मॅक्सवेलने फॅरडेवर लिहिलेल्या चरित्रलेखात उल्लेखली. हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात पीटर झीमान नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. त्यानेही हाच प्रयोग एकदा करून पाहिला होता आणि तो फसलाच होता. पुढे मॅक्सवेलचा लेख त्याच्या वाचनात आला. फॅरडेसारख्या माणसाला ज्या प्रश्नात तथ्य वाटले, तो अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा तपासायला हवा, असे त्याला वाटले. १८९६ मध्ये त्याच्याजवळ रोलंड ग्रेटिंग होते. हा अंतर्गोल आरसा असून त्यावर एका इंचात सुमारे पंधरा हजार समांतर रेषा कोरलेल्या होत्या. चुंबक चालू करताच सोडियमच्या पिवळ्या रेषा किंचित रुंदावल्या. बंद करताच पूर्ववत झाल्या.

फॅरडेला हे का दिसले नाही? सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमधले अंतर सुमारे ०.६ नॅनोमीटर आहे. एक टेस्ला इतक्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रातही प्रत्येक रेषा फाकते ती साधारण ०.०२ नॅनोमीटर, म्हणजे त्या अंतराच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी. १८६२ मधील वर्णपटदर्शकाला एवढा सूक्ष्म फरक वेगळा करणे शक्यच नव्हते. फॅरडेचा प्रश्न बरोबर होता, निरीक्षणही बरोबर होते. उपकरण कमी पडले होते.

लायडेनमध्येच असलेल्या हेंड्रिक लॉरेन्ट्सने या परिणामाचे स्पष्टीकरण लगेच दिले. त्यातून अणूमध्ये ऋणभारित कण असले पाहिजेत आणि त्यांचा विद्युतभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर हायड्रोजनच्या आयनापेक्षा हजाराहून अधिक पट असले पाहिजे, असे निघाले. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉनविषयीचे आपले निष्कर्ष मांडले, त्याच्या आधीची ही गोष्ट. १९०२ चे नोबेल पारितोषिक झीमान आणि लॉरेन्ट्स यांना मिळाले. १९०८ मध्ये जॉर्ज हेल याने हाच परिणाम वापरून सौर डागांमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखवले. आज रुग्णालयात होणाऱ्या एमआरआय तपासणीचा पायाही चुंबकीय क्षेत्रात ऊर्जापातळ्या फाकणे हाच आहे. तेथे त्या पातळ्या अणुकेंद्रकाच्या असतात इतकेच.

भीती कशाने कमी होते

फॅरडे गाउसपेक्षा कमी काटेकोर होता असा निष्कर्ष येथे कोणी काढू नये. दावा करताना तो कमालीचा सावध असे. काटेकोरपणा कशाला लावायचा, यात दोघांचा फरक होता. गाउसने तो अंतिम कृतीच्या सौंदर्याला लावला, फॅरडेने नोंदीच्या खरेपणाला. अंतिम कृती निर्दोष असलीच पाहिजे असे मानले की बहुतेक दिवस अपयशाचेच असतात, कारण निर्दोष कृती रोज घडत नाही. नोंद खरी असली पाहिजे असे मानले तर प्रत्येक दिवशी, प्रयोग फसलेल्या दिवशीसुद्धा, माणूस आपले काम पूर्ण करून झोपू शकतो. ‘या चुंबकाने, या वर्णपटदर्शकातून, या ज्योतीत बदल दिसला नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि पुढच्याला उपयोगी पडेल असे बरेच आहे. ‘मला जमले नाही’ या वाक्यात मात्र पुढच्याला काहीच मिळत नाही.

झाकलेली मूठ कधीकधी जिवावरही बेतू शकते. एखाद्या औषधाचा उपयोग झाला नाही असे दाखवणाऱ्या चाचण्या छापल्याच गेल्या नाहीत, तर डॉक्टरांपुढे फक्त यशाचे आकडे येतात. म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची जाहीर नोंद करण्याची पद्धत जगभर आली. भारतात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी नोंद सक्तीची झाली. फॅरडेने स्वतःच्या शिस्तीने जे केले, ते येथे नियमाने करून घ्यावे लागले.

आपल्या प्रयोगशाळेत

शेवटी आपल्या वर्गाकडे येऊ. साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. लांबी १ मीटर असेल तर वीस आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात आणि गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. समजा, एका विद्यार्थिनीचे उत्तर १०.९ आले. ती ते खोडून ९.८ लिहील तर जर्नल नीटनेटके होईल आणि शिक्षकाला काहीच कळणार नाही. तो आकडा तसाच राहू दिला तर तो बोलू लागतो. स्टॉपवॉच सुरू करतानाच ‘शून्य’ ऐवजी ‘एक’ म्हटले, तर प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने मोजली जातात. वेळ सुमारे ३८ सेकंद येतो आणि उत्तर बरोबर १०.९ च्या आसपास पडते. दुसऱ्या गटाचे उत्तर ९.७ आले तर दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली असेल, एक सेंटिमीटर त्रिज्या मिळवायची राहिली असेल. चुकलेला आकडा चुकीचा पत्ता सांगतो. खोडरबर तो पत्ता पुसून टाकते.

म्हणून शिक्षकांना तीन लहान सूचना कराव्याशा वाटतात. त्यांना पैसे लागत नाहीत आणि अभ्यासक्रमही बदलावा लागत नाही. पहिली, प्रयोगाच्या वहीत पेन्सिल आणि खोडरबर बंद करावे. चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने खोडावा, म्हणजे खालचे वाचता येईल. संशोधनशाळांमध्ये हाच नियम असतो. पाने क्रमांकित असतात आणि फाडता येत नाहीत. दुसरी, दहा गुणांपैकी निदान पाच गुण नोंदींना द्यावेत. त्यात उपकरणाचे वर्णन, प्रत्यक्ष वाचने आणि उत्तर वेगळे आले असल्यास त्याचे संभाव्य कारण यांचा विचार व्हावा. उत्तर जुळले नाही म्हणून हे गुण जाऊ नयेत. तिसरी, वर्गाची मिळून एक वही असावी. न जमलेले प्रयोग त्यात तारखेसह, उपकरणांच्या वर्णनासह लिहावेत आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती वही जूनमध्ये द्यावी. आधीच्या मुलांना जे दिसले नाही ते आपल्याला दिसते का, हे पाहायला त्या वर्गातील कोणीतरी पुढे येईल. अवघड प्रश्नाला कधीच हात वर न करणाराही त्यांत असू शकेल.